सातव्या गल्लीतले ठिपके

३ मार्च, सोमवार

आलो एकदाचे. टेम्पोतून सामान उतरवताना एका खुर्चीचा पाय मोडला आणि ती खुर्ची बिनविरोध माझ्या वाट्याला आली. पंचेचाळिशीत नवी नोकरी म्हणजे पुन्हा पहिलीच्या वर्गात बसणं, पण खरं सांगायचं तर मजा वाटतेय. जुन्या जागी शेवटची काही वर्षं मी नुसत्या पाट्या टाकत होतो.

राहायला आवारातच दोन खोल्या मिळाल्यात. खिडकीसमोर शीतगृहाची पांढरी भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ही म्हणाली, बाहेर बघावं तर भिंत, आत बघावं तर तुम्ही. करमणुकीची सोय झकास आहे.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा आहेत, एकीच्या वर एक, लहान मुलाची उंची मोजतात तशा. मदतीला आलेल्या मुकादमाला विचारलं, माझ्या आधी इथे होता त्याला मुलं किती. तो म्हणाला, कसली मुलं, सडाफटिंग माणूस होता. ही बराच वेळ त्या रेघांवरून बोट फिरवत उभी होती. आम्हाला मूल नाही. तो विषय आम्ही दोघंही पाय न वाजवता ओलांडतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, रंग मारून टाकू. तिने कपाळावर हात मारून घेतला. माझ्या अकलेवर हिचं हे ठरलेलं उत्तर आहे: उजवा तळहात, कपाळ, फट्.

५ मार्च, बुधवार

काम समजलं. लिहून ठेवतो, म्हणजे मलाही पक्कं होईल.

शीतगृहात माल हलवायला माणसं थोडीच. उंच फळ्यांमधल्या गल्ल्यांतून बिनचालकाच्या गाड्या खोकी नेतात-आणतात. त्यांना दिसावं म्हणून लेझरचे डोळे आहेत. डोळा प्रकाश फेकतो, आपल्याला न दिसणारा. तो समोर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. परत आलेला प्रत्येक किरण म्हणजे पडद्यावर एक ठिपका, आणि असे हजारो ठिपके जमले की समोरचा आकार उभा राहतो. रंग नाही, चेहरा नाही, आवाज नाही. नुसता आकार.

जुने डोळे गाडीच्या डोक्यावर गरगर फिरायचे, थंडीत त्यांची मोटर कुरकुरायची. ते सगळे काढून नुकतेच नवे बसवलेत. नव्यात हलणारं काहीच नाही. तळहाताएवढी काळी काच, आतल्या चिपवरच किरण दिशा बदलतो. झिजायला काही नाही, बिघडायला काही नाही. मला तर प्रेमच बसलंय त्यांच्यावर. जुन्यांची आठवण जुन्यांबरोबर भंगारात गेली, त्यामुळे नव्यांना सगळं पहिल्यापासून शिकवायचं आणि शिकवणारा मास्तर मी. गाड्याच काय, इमारतीतली दारं आणि दिवेसुद्धा याच डोळ्यांवर चालतात. आपण गेलो की दार सरकतं, पुढचे दिवे लागतात.

गाडी कशाला अडली आणि तिला काही उमगलं नाही, की तो आकार माझ्या पडद्यावर येतो. खाली तीन बटणं: वस्तू, माणूस, भास. माणूस म्हटलं तर नाव लिहावं लागतं, आणि ते कंपनीकडे दिलेल्या कागदांशी जुळावं लागतं. भास म्हटलं की तो आकार सगळ्या डोळ्यांतून कायमचा पुसला जातो. मग तो माझ्याही पडद्यावर कधी येत नाही. वाफ, चकचकीत पत्र्यातलं प्रतिबिंब, असले भास इथे पुष्कळ.

आज मुकादमाने कामगारांना एकेक करून डोळ्यासमोर उभं केलं आणि मी नावं घातली. ही डबा घेऊन आली होती. वहिनींचंही घालायचं का, त्याने विचारलं. मी म्हटलं, ही कुठे कामाला येणार आहे, राहू दे.

८ मार्च, शनिवार

मला इथे सगळे डोळ्यांचा डॉक्टर म्हणायला लागलेत. साहेबसुद्धा.

सातव्या गल्लीत गाड्या सारख्या अडतायत. पडद्यावर आकार येतो तो माझ्या कमरेएवढा, आणि त्याचा एक हात वर असतो. मी धावत जाऊन बघतो तर गल्ली रिकामी. जमिनीलगत थंड वाफ रेंगाळते, तिचंच हे काम. मी भास म्हटलं. गाड्या सुरळीत चालू लागल्या, साहेबांनी पाठ थोपटली.

घरी हिला रंगवून सांगितलं. हिने मधेच विचारलं, वाफेला हात असतो का. मग मला उठवून चौकटीपाशी नेलं आणि तो आकार माझ्या कमरेच्या कुठे येत होता ते दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. सगळ्यात वरची रेघ नेमकी तिथेच होती. मी हसलो. ही हसली नाही.

मग माझ्या खांद्यावरून ही वही वाचत बसली. म्हणाली, पानभर नुसतं ही, ही, ही. वाचणाऱ्याला वाटेल कुणी फिदीफिदी हसतंय. मला आईबापांनी चांगलं नाव ठेवलंय, ते एकदा लिहा की. मी म्हटलं, लिहीन, नाव काय पळून जातंय.

१२ मार्च, बुधवार

नवे डोळे फारच तीक्ष्ण. क्षुल्लक गोष्टींना गाड्या अडतात आणि माझ्यापुढे आकारांचा ढीग साचतो. मी साहेबांना सुचवलं, पाळी संपल्याचा भोंगा वाजेपर्यंत ज्या आकाराबद्दल मी काहीच म्हटलं नसेल तो आपोआप भास धरावा, एकगठ्ठा. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. साहेब खूश. वरच्या कचेरीने तो नियम आमच्या सगळ्या शीतगृहांना लावला. काय सांगू, छाती फुगली.

ही रोज दुपारी डबा द्यायला येते आणि परत जाताना सातव्या गल्लीत थांबते. आज मला सांगितलं की तिथे उभं राहिलं की कुणीतरी तिचं बोट धरतं. गार, पण घट्ट. मी म्हटलं, थंडीने बोटं बधिर होतात. ती म्हणाली, बधिर बोटाला ओढ लागत नाही हो.

मी रागावलो. उगाच रागावलो.

१५ मार्च, शनिवार

त्या नियमासाठी साहेबांनी माझा सत्कार केला. कचेरीत सगळे जमले, हार, चहा, भाषण. मी पडद्यापासून उठलो होतो. भोंगा वाजला तेव्हा टाळ्या चालू होत्या.

ही उशिरा आली, चेहरा पांढराफटक. शीतगृहाचं दार तिच्यासाठी उघडेना. दिवेही लागेनात. अंधारात हाका मारून दमली. शेवटी एक हमाल बाहेर पडला त्याच्या मागोमाग ती निसटली. आणि एक गाडी न थांबता तिला घासून गेली, कोपर सोलवटलंय. मी हळद लावली आणि विचारलं, भोंग्याच्या वेळी कुठे होतीस. सातव्या गल्लीत, म्हणाली. हात धरून.

दोघांचा मिळून एक आकार झाला असणार. गाडी अडली असणार, पडद्याने मला विचारलं असणार. आणि मी हार घालून चहा पीत होतो.

१६ मार्च, रविवार

सुट्टी असून गेलो. हिला प्रत्येक डोळ्यासमोर उभं केलं. पडद्यावर मागची फळी दिसते, मधे कुणी नाही. जी डोळ्याला दिसतच नाही ती पडद्यावर येणार कशी, आणि पडद्यावर आली नाही तर मी तिला माणूस म्हणणार कसं? हिने खेळीमेळीने घेतलं. म्हणाली, बायकोकडे लक्ष न देणारा तुमच्यापेक्षा पटाईत भेटला. मी हसलो नाही. मला भीती वाटतेय.

१८ मार्च, मंगळवार

मुकादमाने विचारलं, एकट्याचं जेवणाखाण्याचं कसं काय करता. मला वाटलं थट्टा करतोय. म्हटलं, तुझ्या वहिनी आहेत ना. तो म्हणाला, कोण वहिनी?

ही माझ्या शेजारी उभी होती. त्याने तिच्यातून पलीकडे बघितलं.

साहेबांच्या पाया पडलो. अक्षरशः. नियम काढा, सगळे डोळे कोरे करा. ते घाबरले, मला पाणी दिलं आणि म्हणाले, घरी कुणी बघायला नाही का तुम्हाला, बोलावून घ्या कुणाला तरी.

१९ मार्च, बुधवार

हे गावच नको म्हणून पिशव्या भरल्या. बसमध्ये कंडक्टरने दोन तिकिटं द्यायला नकार दिला. एकटे आहात, दुसरं कशाला? एक बाई येऊन सरळ हिच्या मांडीवर बसल्या आणि अंगावर काटा आला म्हणून उठल्या. आम्ही पुढच्या थांब्यावर उतरलो.

तिथूनच सासूबाईंना फोन केला. ही म्हणाली, आई ओळखेल. आई कशी विसरेल. सासूबाई फार अदबीने बोलल्या. कोण बोलतंय विचारलं. मी म्हटलं, जावई. त्या म्हणाल्या, चुकीचा नंबर लागला हो, मला मुलगीच नाही.

हिने फोनला कान लावला होता. तिने ऐकलं. ती खाली रस्त्यावर बसली आणि मोठ्याने रडली, आणि रहदारी चालू होती. मी काही करू शकलो नाही. परत आलो. जाणार कुठे?

२१ मार्च, शुक्रवार

आधीच्या माणसाचं काय झालं ते मुकादमाकडून खोदून काढलं. म्हणे शेवटी शेवटी डोकं फिरलं होतं त्याचं. दिवसभर सातव्या गल्लीत बसून असायचा, हातात लिमलेटच्या गोळ्या घेऊन. कुणासाठी, विचारलं तर सांगता यायचं नाही. रडायचा फक्त.

चौकटीवरच्या रेघा त्याच्याच हाताच्या. त्याचं मूल होतं. पुसलं गेलं, आणि बापसुद्धा विसरला. मग नवे कोरे डोळे आले आणि ते मूल पुन्हा दिसलं. हात वर करून उभं होतं. मी आहे, म्हणत होतं. आणि मी त्याला वाफ म्हटलं.

मी वाफ म्हटलं त्याला.

एक गोष्ट मात्र कळली. कोऱ्या डोळ्याला ती दिसेल.

२२ मार्च, शनिवार

कोठारात एकही नवा डोळा शिल्लक नाही. साहेबांनी मागवायला नकार दिला. मी परस्पर मागवलाय. येईल तेव्हा येईल.

सकाळी चहा एकाच कपात ओतला. ती समोर बसली होती. ती उठून स्वतःचा कप घेऊन आली.

मी आता रोज उठल्यावर ही वही पहिल्यापासून वाचणार.

२४ मार्च

तिचा आवाज बारीक ऐकू येतो. भिंतीपलीकडून यावा तसा. ती ओरडतेय हे तिच्या गळ्यावरून कळतं.

लग्नाचा दाखला काढला. माझं नाव वाचता येतं. शेजारी काहीतरी छापलंय, तिथे नजर टिकत नाही, घसरते. तिच्या सगळ्या कागदांवर तसंच. फोनमध्ये तिचा नंबर 'घर' म्हणून आहे. माझ्या हस्ताक्षरावरून मात्र नजर घसरत नाही. म्हणून लिहितोय. ती आहे. ती आहे. ती आहे.

२६ मार्च

आज दिसली नाही. हात धरला तर हात लागतो. दिवसभर सोडला नाही. कामावर गेलो नाही.

तळहातावर काहीतरी गिरवत होती बोटाने. माझी कातडीसुद्धा आता — कळलं नाही. नुसती गुदगुली.

२७ —

वही वाचली. कुणा बाईबद्दल लिहिलंय मी. फार हसवते. दुसऱ्यांदा वाचल्यावर आठवलं, आणि भिंतीवर डोकं आपटून घेतलं. हात लागत नाही आता. सगळ्या घरात हात फिरवला, जमिनीवर, कपाटात, दारामागे —

अगं, असशील तर भांडं पाड.

भांडं पडलं नाही. का पडलं आणि मला ऐकू —

वार माहीत नाही

डोळा आला. खोकं दारात होतं. कशासाठी मागवला ते वहीत बघावं लागलं.

दुपार

सातव्या गल्लीत बसलोय. डोळा फळीला लावला, पडदा मांडीवर. लिहीत राहायला हवं, नाहीतर इथे का बसलोय तेच विसरेन. भोंग्याला थोडाच वेळ आहे. तो डोळाही त्याच नियमाला बांधलेला. माझाच नियम.

गल्ली रिकामी आहे.

पडद्यावर रिकामी नाही.

मागे पुष्कळ आहेत, फळ्यांना टेकून. त्यांना मी पुसलं की माझ्या आधीच्याने, देव जाणे. सगळ्यात पुढे ते मूल. हात आता वर नाही. एका बाईच्या हातात आहे.

तीच का? ठिपक्यांना चेहरा नसतो. वही चाळली. ती काय काय म्हणाली ते सगळं लिहिलंय. ती दिसते कशी, एक ओळ नाही. डोळ्यांचं वर्णन अख्खं पानभर. काळी काच. चिप. तिचं एक ओळ नाही.

मग पहिलं पान. मोठ्याने म्हटलं — अगं, त्या चौकटीला रंग मारून टाकू.

त्या बाईने हात उचलला. उजवा. कपाळ.

फट्.

आवाज नाही आला. पण तीच. तीच ती. मी रडतोय, पडदा भिजतोय, पुसला. माणूस दाबलं. दोघांचा एकच आकार आहे, हात धरलेला, एक नाव पुरेल, दोघं येतील —

नाव.

नाव विचारतंय.

ही. मी 'ही' लिहिलं. लाल झालं. जुळत नाही. घर लिहिलं. वहिनी. लाल. पुन्हा वही — ही म्हणाली, ही हसली नाही, ही उशिरा आली, हिने, हिला, हिचं — कुठेच नाही. एकदाही नाही. लिहीन म्हणालो होतो. पळून जातंय का म्हणालो होतो.

अगं, सांग. तूच सांग.

ती बोट वर करतेय. हवेत गिरवतेय, तळहातावर गिरवत होती तसंच. मोठं अक्षर. आडवी रेघ. खाली उभी. मला उलटं दिसतंय — तिला कळलं. थांबली. मान हलवली, पुन्हा पहिल्यापासून काढतेय, माझ्या बाजूने सरळ दिसेल असं. हुशार आहे गं माझी —

पहिलं कळलं. पहिलं अक्षर कळलं. घातलं. लाल नाही झालं. मूलसुद्धा बघतंय तिच्या बोटाकडे.

दुसरं. आडवी रेघ. गोल गाठ. काना —

भोंगा

नाही, थांबवा, एकच अक्षर राहिलंय, अगं, लवकर, तुझं